ओला टॉवेल आणि घोड्याची नाल

नातीचे डोळे पांढरे झाले तेव्हा तिच्या अंगाभोवती ओला टॉवेल गुंडाळलेला होता आणि समोर कूलर घोंघावत होता. दातखीळ बसली होती. आधी हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले. अंगावर गांधी उठलेल्या, एक संपायच्या आत दुसरी सुरू होत होती. पोर दोन वर्षांची. माझ्या मांडीवर होती, त्यामुळे प्रत्येक झटका मला माझ्या गुडघ्यात कळत होता.

"अगं, बादली आन की! ताप डोक्यात चाललाय तिच्या!" माझी विहीण ओरडली. विहीण म्हणजे सुनेची आई. उन्हाळा काढायला नातेपुत्याहून आमच्याकडे आली होती. सोलापुरात उन्हाळा काढायला येणारं माणूस जगात ते एकच असावं.

"आई, अजून किती पाणी घालू? चिंब झालीय की ती!" सून म्हणाली.

"मग बर्फ आन!"

माझा लेक गाडीची चावी शोधत होता. चावी त्याच्या हातातच होती.

मी कूलर बंद केला. काही कळलं म्हणून केला असं कोणी समजू नये. त्याच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येईना, म्हणून बटण दाबलं. पोरीला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पदराने पुसला, आणि ओला टॉवेल काढून फेकला कारण तो निसटत होता आणि त्याच्याबरोबर पोरही निसटत होती. मग हातातली चावी बंद पडलेल्या गाडीची आहे असं लेकाच्या लक्षात आलं, आणि आम्ही रिक्षाने निघालो.

मे महिना, भर दुपार. रिक्षात वारा लागत होता तो भट्टीतून आल्यासारखा. दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात पोरीने डोळे उघडले आणि "अज्जी, पानी" म्हणाली. विहीणबाईंनी लगेच देवाला हात जोडले. लेक रिक्षावाल्याला म्हणाला, बरं झालं आपण मधल्या गल्लीनं आलो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की तापातले असे झटके बहुतेक वेळा आपोआपच थांबतात. म्हणजे देवालाही श्रेय नको आणि गल्लीलाही नको.

सोलापुरात जन्मलेल्या माणसाला एकच रोग माहीत असतो. उष्णता. तोंड आलं, उष्णता झाली. डोळे लाल झाले, उष्णता झाली. केस गळाले, लघवीला जळजळ झाली, पोर शाळेत नापास झालं, सगळी उष्णताच. सुनेचं सासूशी पटेना, तर तीही उष्णता, सासूच्या अंगातली. त्यावर उपायही ठरलेले. सब्जा भिजत घाला, गुलकंद खा, धने-जिऱ्याचं पाणी प्या, काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळा. आणि अंग गार ठेवा. अंग गार ठेवा हे आमच्याकडे दुसरीकडच्या 'देव बरं करो' सारखं म्हणतात.

ही नात संक्रांतीच्या सुमारास जन्मली. पहिल्या आंघोळीपासूनच तिच्या अंगावर लाल चट्टे उठत. न्हाऊ घालणारी बाई म्हणाली, तेल मानवलं न्हाई. तेल बदललं. सून म्हणाली, साबण. साबण बदलला. मग फेब्रुवारी संपला, ऊन तापलं, आणि पोर एकदम छान झाली. तेल बदललं म्हणून झाली, असं न्हाऊ घालणारी बाई आजही सांगते आणि आमचं नाव घेऊन चार घरची कामं मिळवते.

पुढच्या उन्हाळ्यात लेकाने कूलर आणला. साधासुधा नाही. लोखंडी, कपाटाएवढा, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या, मागे पाण्याची टाकी. चालू केला की कॅलेंडर भिंतीला चिकटून उभं राहायचं. लेकाला त्याचा फार अभिमान. पोरीला अंघोळ घालायची, अर्धवट पुसायची आणि त्याच्यासमोर चटईवर सोडायची, अशी पद्धत पडली. ती आधी हसायची, हात पसरायची. दोन-तीन तासांनी गांधी उठायच्या, डोळे लाल व्हायचे, गुडघे धरून रडायची, मग ताप. ताप आला म्हणजे उष्णता झाली. उष्णता झाली म्हणजे ओला टॉवेल गुंडाळून पुन्हा कूलरसमोर.

टॉवेलही ओला करायला उत्तम. आमचे हे हयातभर टॉवेल विणायच्या मागावर कामाला होते आणि मी त्याच टॉवेलांच्या कडा शिवायचं काम केलं. पाणी धरून ठेवायला त्याच्यासारखा टॉवेल नाही. घरात त्यांची चवड असायची. जितका ताप तितकं पाणी घातलं, आणि जितकं पाणी घातलं तितका ताप आला. हे गणित कोणाला सुटलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, माझं सोडा. लेक बी. कॉम. आहे आणि सून शाळेत गणित शिकवते.

तीन डॉक्टर झाले. पहिला म्हणाला, व्हायरल. दुसरा म्हणाला, ॲलर्जी, शेंगदाणे बंद करा. सोलापुरात शेंगदाणे बंद करा म्हणणं म्हणजे श्वास बंद करा म्हणण्यासारखंच. तरी आम्ही केले. तिसऱ्याने पहिल्याचं बरोबर ठरवलं.

विहीणबाईंनी मात्र पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. नजर. त्या नातेपुत्याहून येताना घोड्याची नाल घेऊन आल्या. वरातीच्या घोड्याची, तीही काळ्या. घोडा काळा होता असं घोडेवाल्याने सांगितलं. घोडा कोणी पाहिला नाही. लेकाने ती दाराच्या चौकटीवर ठोकली. शेजारी हसतील म्हणून ठोकताना मोबाइलवर गाणं मोठ्याने लावलं होतं. दोन खिळ्यांपैकी एक वाकला, त्यामुळे नाल एका खिळ्यावर लोंबू लागली. दार आपटलं की टण्णकन वाजायची.

"बगा, आता कशी नजर लागती ते," विहीणबाई म्हणाल्या.

"तुमची ती नाल एक दिवस माझ्या डोक्यात पडंल," मी म्हटलं.

"पडली तर बरंच हाय. डोकं ठिकाणावर येईल."

आमचं असं चालतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता माझं सांगते, कारण ते मधेच येणार आहे. मला गारवा सोसत नाही. लहानपणापासून नाही. मैंदर्गीला आमच्या आईकडे असताना थंडीत भांडी घासून आलं की हातावर गांधी उठायच्या, संध्याकाळी अंगात कणकण यायची, डोळे चुरचुरायचे, सांधे ठणकायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं गायब. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासू म्हणाली, "हिला कामाच्या वेळंलाच बरी थंडी वाजती." कपडे धुवून ताप आला तर म्हणायची, उद्याच्या स्वयंपाकापर्यंत उतरंल. खरोखर उतरायचा. त्यामुळे तिचं बरोबर आणि माझं सोंग, हे पक्कं झालं. मी स्वेटर घालायला लागले. पाऊस पडला की स्वेटर, ढग आले की स्वेटर, कोणाच्या घरी पंखा जोरात असला की पिशवीतून स्वेटर. "काश्मीरची पाहुणी आली," आमचे हे म्हणायचे. गल्लीतली पोरं मला स्वेटरवाली म्हणत. ती आता बाप झाली आहेत आणि त्यांची पोरं म्हणतात. म्हणून मी गारव्याचं नाव काढणं कधीच सोडून दिलं होतं. घरात कूलर लागला की मी उठून ओट्यावर जाऊन बसायची. म्हातारीला झळ गोड लागते म्हणे. असेल.

तर झटके आले त्या दिवशी पोरीला लहान मुलांच्या दवाखान्यात भरती केलं. लेकाने एसीची स्वतंत्र खोली घेतली. "माझ्या पोरीला मी जनरलमदे ठेवनार न्हाई," तो म्हणाला. नर्सने एसी सुरू केला तर याने रिमोट घेऊन आणखी कमी केला. पोर रिक्षातून उतरली तेव्हा जरा बरी दिसत होती. खोलीत ठेवल्यावर संध्याकाळच्या आत पुन्हा पेटली. सलाईनमधून एक औषध दिलं, दुसऱ्या दिवशी दुसरं, मग तिसरं. कोणत्याच औषधाला ताप दाद देईना. विहीणबाई तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होत्या आणि नर्स त्यांना शाबासकी देत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी लेकाला बाहेर बोलावून सांगितलं की ताप मेंदूपर्यंत गेला असावा, पाठीतून पाणी काढून तपासावं लागेल, आणि पोरीला काचेच्या खोलीत, म्हणजे आयसीयूत, हलवावं लागेल. पुन्हा झटके आले आणि लांबले तर काही सांगता येत नाही, असंही म्हणाले. लेक भिंतीला टेकला. सून रडली नाही. तिने पोरीचे कपडे पिशवीत भरले, पुन्हा काढले, पुन्हा भरले. त्या काचेच्या खोलीत काय असतं ते मी दारातून पाहून आले होते. आत नर्सासुद्धा जाड जाकिटं घालून बसल्या होत्या.

त्यानंतर मी खोलीबाहेर, व्हरांड्याच्या टोकाला, जिथे ऊन येत होतं तिथल्या बाकावर बसले होते. अंगात स्वेटर, वर चादर. खोलीत तासभर बसले होते आणि त्याचे परिणाम अंगावर उमटले होते. तिथून एक नवी डॉक्टरीण चालली होती. शिकून नुकतीच आलेली, मोठ्या डॉक्टरांच्या मागे मागे फाइल घेऊन फिरायची. ती मला बघून हसली.

"आजी, मे महिन्यात स्वेटर? सोलापुरात?"

"तुमच्या दवाखान्यात मेंढरं न्हाईत, म्हणून लोकर मीच घालून बसले."

ती आणखी हसली. "थंडी वाजतेय?"

आत्ता खरं बोलावं की नको, असं क्षणभर झालं. या प्रश्नाला खरं उत्तर दिलं की काय होतं ते मला पाठ होतं. तेवढ्यात विहीणबाई घडी पिळायला बाहेर आल्या आणि माझ्या आधी त्याच बोलल्या.

"त्यांचं ते सोंग लई जुनं हाय, डॉक्टरीणबाई. त्यांच्याकडं नका बगू. पोरीकडं बगा."

"कसलं सोंग?"

"गार वारं लागलं की यांच्या अंगावर उठतंय म्हनं. ताप बी येतोय म्हनं. काम संपलं की जातोय."

ती हसायची थांबली. "आजी, हात दाखवा."

मी स्वेटरची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत गांधी होत्या, लाल, चपट्या, एकमेकींना लागून. तिने त्या बोटाने दाबून पाहिल्या. मग तशीच उठून खोलीत गेली, पोरीची बाही वर केली, पुन्हा माझ्याकडे आली, पुन्हा पोरीकडे गेली. मला वाटलं हिलाच काही झालं की काय. विहीणबाई ओली घडी हातात धरून उभ्या होत्या आणि तिचं पाणी त्यांच्याच पायावर ठिबकत होतं.

"हे तुम्हाला कधीपासून होतं?"

"जन्मापासून."

"कोणा डॉक्टरला दाखवलं नाही?"

"सासूला दाखवलं होतं. ती नाटक म्हणाली."

तिने आत जाऊन एसी बंद केला. खिडकी उघडली. पोरीच्या अंगावरचं ओलं सगळं काढायला लावलं, कोरडं पुसलं, माझी चादर घेऊन तिच्याभोवती गुंडाळली. सून घाबरली. "मॅडम, ताप एकशेचार आहे हो!" विहीणबाईंनी तर खिडकीच अडवली. "पोर मारायची हाय काय तुमाला? बाहेर बगा, कावळं झाडावरून पडायला लागलेत!"

मोठे डॉक्टर आले. त्यांचा आवाज व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू आला. उन्हाळ्यात तापाच्या पेशंटचा एसी बंद करायला कोणत्या कॉलेजात शिकवतात, असं त्यांनी विचारलं. ती खाली मान घालून उभी राहिली, पण रिमोट तिने पाठीमागे धरला होता. म्हणाली, "सर, आजची दुपार द्या. तपासण्या तर आपण करतोच आहोत." त्यांनी माझा हात बघितला. चष्मा काढून पुन्हा बघितला. आपण चुकलो असं मोठा माणूस तोंडाने म्हणत नाही. घड्याळ बघून निघून जातो. ते घड्याळ बघून निघून गेले.

लेकाला मी बाजूला घेतलं. "काचेच्या खोलीत न्यायचं तर आज नको म्हण. दुपारपर्यंत थांब."

"अव्वा, तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळत न्हाई. तुला तरी काय कळतंय? म्हणून तर म्हणते, जिला काहीतरी सुचलंय तिला एक दुपार दे."

तो थांबला. त्या दुपारी त्या खोलीत आम्ही सगळे घामाने निथळलो. विहीणबाईंनी पदराने वारा घेत सगळ्या डॉक्टर जातीला शिव्या घातल्या. सून पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसली होती आणि दर थोड्या वेळाने हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावत होती, फरक कळावा म्हणून. चहाच्या वेळेला पोरीच्या पाठीवरच्या गांधी फिकट झाल्या. मग ताप उतरू लागला, हळूहळू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बिस्कीट मागितलं.

"नालेचा गुन," विहीणबाई म्हणाल्या. "मी घरी फोन करून शेजारनीला सांगितलं हुतं, नालेला तेल लाव म्हनून."

पोरीचं, माझं आणि लेकाचं रक्त मोठ्या शहरात तपासायला गेलं. लेकाचं कशाला, असं त्याने स्वतःच विचारलं. मग मान खाली घालून सांगितलं की ऑफिसात एसीखाली बसलं की त्यालाही खाज सुटते, गांधी उठतात, मग तो जिन्यात जाऊन उन्हात उभा राहतो. लग्नाआधीपासून. बायकोला सांगितलं नव्हतं. बाप्या माणसाला गार लागतं असं कसं सांगायचं? त्यापेक्षा कपाटाएवढा कूलर आणून पोरीला त्याच्यासमोर बसवलेलं बरं.

निकाल यायला बरेच दिवस लागले. आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून समोर बसवलं आणि मोबाइलवर एक रंगीत चित्र दाखवलं. एक फीत होती, गोल गोल वळत गेलेली, आणि सगळी मिळून एका बाजूला वाकलेली.

"हे काय, जिलबी?" मी विचारलं.

"नाही आजी. हिला आम्ही घोड्याची नाल म्हणतो. आकार तसाच आहे ना?"

विहीणबाई खुर्चीवरून उठल्याच. "बगा! मी काय म्हनत हुते!"

"एनाग्याद इवरिग?" लेक माझ्या कानात पुटपुटला. यांना काय झालंय, असं. घरातलं घरात ठेवायचं असलं की आम्ही मैंदर्गीची कानडी बोलतो.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. म्हणाल्या, अंगात काही राखणदार जन्मतःच असतात. लस टोचून किंवा आजार होऊन शिकावं लागत नाही, आल्या दिवसापासून कामाला. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जंतू ओळखायला असा एक भाग असतो. तो बनतो कसा, तर एकच लहानसं वळण, जवळजवळ तेच, पुन्हा पुन्हा, एकामागे एक. या वळणांची आतली बाजू सपाट आणि घट्ट बसते, बाहेरच्या बाजूला जाडी जास्त. म्हणून सगळा भाग सरळ राहूच शकत नाही. वाकतो, आणि त्याची नाल होते.

"टॉवेलची कड शिवताना एका बाजूचा दोरा ओढला गेला की कड अशीच वाकते," मी म्हटलं. "असा माल परत येतो."

"हा परत पाठवायचा नाही, आजी. हा वाकलाय म्हणूनच कामाचा. सरळ असता तर काही धरता आलं नसतं." मग तिने दुसरं चित्र दाखवलं. काही राखणदार पेशीच्या सालीवर उभे असतात, त्यांची नाल बाहेर. जंतूचा तुकडा सापडला की दोन राखणदार नालेजवळ नाल आणतात आणि आत निरोप जातो. आमच्या घराण्याचा राखणदार मात्र पेशीच्या आत राहणारा. त्याच्या एका टोकाला नाल आणि मध्यावर कडीसारखा भाग. धोका नसतो तेव्हा असे बरेच राखणदार नालेला नाल लावून, एकमेकांना धरून पिंजऱ्यासारखे निजलेले असतात. धोका आला की कडी निघते, ते सुटतात, चाकासारखे गोल बसतात आणि तापाला हाक मारतात.

"आणि आमचं काय बिघडलंय?" सुनेने विचारलं. "नाल मोडलीय?"

"नाल चांगली आहे. मधली कडी सैल आहे. कित्येक मण्यांची माळ असते, त्यात एका जागी एक मणी बदललाय. त्यामुळे नुसतं अंग ओलं होऊन वारं लागलं तरी ती कडी निघते. गारव्याने नेमकी कशी निघते ते अजून कोणालाच पुरतं कळलेलं नाही."

"म्हंजे चोर न्हाई, काही न्हाई, आणि गुरखा झोपेत शिट्टी मारतोय," मी म्हटलं.

"तसंच."

"पन नाल चांगली हाय न्हवं?" विहीणबाईंनी पुन्हा विचारून घेतलं.

"हो. नाल चांगली आहे."

"झालं तर." आणि त्या समाधानाने बसल्या. कडी सैल आहे हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. माणसाला ऐकायचं तेवढं ऐकू येतं, आणि विहिणीला त्याच्याही निम्मं.

मग हे कुठून आलं ते निघालं. पोरीला बापाकडून, बापाला माझ्याकडून. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे आमच्याकडचं न्हवं," विहीणबाई म्हणाल्या.

"न्हाई. सगळं माझंच. मैंदर्गीहून एक ट्रंक आणली आणि हे आणलं. ट्रंक गंजली."

सून हसली. भरती केल्यापासून पहिल्यांदा हसली. लेकाच्या तोंडाकडे बघून तिला जास्तच हसू आलं. "आणि तुम्ही मला सांगत होता, डास चावलेत म्हणून!"

या रोगावर औषध आहे, पण ते आपल्याकडे सहज मिळत नाही. डॉक्टरीणबाई वर्षभर कुठे कुठे लिहीत, फोन करत राहिल्या, आणि आता ते मिळतं. सुई टोचली की पोर त्या दिवशी माझ्याशी बोलत नाही. पोरीचे कान अधूनमधून तपासून घ्यायचे आहेत, कारण या रोगात काहींचं ऐकणं जातं. बाकी औषधाआधीचं औषध डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कोरडं ठेवा, उबेत ठेवा, उन्हाळ्याला भिऊ नका. सारा गाव ज्या उन्हाला शिव्या देतो ते आमच्या घरात डॉक्टरच्या सांगण्यावरून आलं. कूलर आता अंगणात आहे. त्याच्या टाकीत सुनेने पुदिना लावलाय. एवढं चांगलं काम त्याने चालू असताना कधी केलं नव्हतं.

विहीणबाई यंदाही आल्या. बिनकूलरच्या घरात घाम पुसत, मला शिव्या घालत राहिल्या, पण राहिल्या. नातेपुत्यात त्यांनी सांगून ठेवलंय की आमच्या नातीच्या अंगातच घोड्याची नाल आहे, डॉक्टरांनी फोटो काढलाय. आता तिला नजर लावायची कोणाची हिंमत नाही. चौकटीवरची नाल अजून एका खिळ्यावरच आहे. लेकाने दुसरा खिळा ठोकलेला नाही.

निकाल सांगितला त्या दिवशी निघताना डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला थांबवून विचारलं होतं, तुमच्याआधी किंवा तुमच्यानंतर घरात आणखी कोणाला असं होतं का. मी सांगितलं. माझ्या आईला होतं. दर थंडीत तिचे डोळे लाल व्हायचे, ताप यायचा, अंग दुखून ती कण्हायची. गावाने ठरवलं की तिच्या अंगात येतं. म्हणून तिला नवस बोलायला लावला, आणि ती पहाटे विहिरीचं पाणी अंगावर घेऊन ओलेत्याने देवळाला प्रदक्षिणा घालायची. ताप चढला की लोक म्हणत, देवी आली. आणखी घागरी ओतत. एका मार्गशीर्षात प्रदक्षिणा घालून आली आणि पुन्हा उठली नाही. आणि मला लेकाच्या आधी एक मुलगी झाली होती. चालायला लागली होती. तापात गेली. अंगाला ओल्या पट्ट्या होत्या. कशाने गेली, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, तापाने. त्या वेळी तापाने गेली म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे.

"दोघींना हेच होतं का?" मी विचारलं.

"आता सांगता येणार नाही, आजी."

माझी आई जगली नाही. माझी थोरली जगली नाही. मी जगले, लेक जगला, नात जगली.